गॅरेजमधली थ्री-नॉट-थ्री

जुनी लष्करी रायफल विकत घ्यायची, तिचं ग्रीस उतरवायचं, लाकूड-लोखंड पुन्हा जिवंत करायचं... अमेरिकेतल्या असंख्य लोकांचा हा वीकएण्डचा उद्योग. ओहायोत राहणाऱ्या एका मराठी इंजिनियरने त्यात हात घातला आणि हाताला चक्क इशापूर आणि खडकी लागली!

अमेरिकेतल्या मराठी माणसाच्या गॅरेजमध्ये काय काय सापडतं? गणपतीचं मखर, मुलांना लहान झालेल्या सायकली, घाऊक दुकानातून आणलेलं तांदळाचं पोतं आणि एक कायम बिघडलेलं स्नो-ब्लोअर. माझ्याकडे हे सगळं आहेच. शिवाय एक वर्कबेंच आहे, जबड्यांना चामडं लावलेला एक व्हाइस आहे, जवसाच्या तेलाचा डबा आहे आणि भिंतीत बोल्ट मारून घट्ट बसवलेली एक पोलादी तिजोरी आहे. तिजोरीत १९४३ साली बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात बनलेली एक रायफल आहे. हो, तीच ती. आपली थ्री-नॉट-थ्री!

कॉलेजात एनसीसी केलेल्यांच्या खांद्याला हे नाव ऐकूनच कळ आली असेल. चार किलोचं ते धूड खांद्यावर घेऊन कवायत करताना आपल्यापैकी कुणीही असा विचार केला नसेल, की हीच वस्तू साता समुद्रापलीकडे कुणी डॉलर मोजून विकत घेतं आणि रविवारची सकाळ तिच्या लाकडाला तेल चोळण्यात घालवतं. पण घेतात. मीही घेतो.

या छंदाला इथे ‘हॉबी गनस्मिथिंग’ म्हणतात. गनस्मिथ म्हणजे बंदुकांची दुरुस्ती करणारा कारागीर. तो त्याचा धंदा असतो आणि त्यासाठी त्याला फेडरल लायसन्स लागतं. हौशी माणूस मात्र फक्त स्वतःच्या मालकीच्या बंदुकीवर काम करू शकतो. शेजाऱ्याची रायफल पैसे घेऊन दुरुस्त करायला लागलात, की तुम्ही कायद्याच्या लेखी धंदेवाईक. आणि या हौशी मंडळींची सगळ्यात आवडती वस्तू म्हणजे ‘मिलिटरी सरप्लस’. देशोदेशीच्या सैन्यांनी भंगारात काढलेल्या जुन्या रायफली. रशियन मोसिन-नागांत, जर्मन माउझर, स्वीडिश, स्विस, ब्रिटिश... आणि त्या गर्दीत आपली इशापूर.

आधी कागदपत्रं, मग पानं-पकडी

अमेरिकेत बंदूक म्हणजे किराणा मालासारखी मिळते, असा आपल्याकडे समज आहे. अर्धा खरा, अर्धा खोटा. एच-वन व्हिसावर आलेल्या आपल्या मंडळींना बंदूक बाळगायला फेडरल कायद्याने मुळात बंदी आहे. शिकारीचं लायसन्स वगैरे मोजके अपवाद सोडले, तर अजिबात नाही. त्यामुळे ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत मी या वाटेला फिरकलोसुद्धा नाही. नंतर मी ‘क्यूरिओ अँड रेलिक’ नावाचं कलेक्टरचं लायसन्स काढलं. फी तीस डॉलर, मुदत तीन वर्षं. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात असलेली शस्त्रं त्यावर मागवता येतात. मात्र प्रत्येक वस्तू कधी आली, कुणाकडून आली, कुणाला दिली, याची नोंदवही ठेवावी लागते. अगदी आपल्या वाण्याच्या खतावणीसारखी.

या सगळ्या कागदपत्रांमागे एक काळा इतिहास आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावर जगभरातल्या जुन्या रायफली जहाजं भरभरून अमेरिकेत आल्या. मासिकातली जाहिरात बघायची, कूपन भरायचं, रायफल पोस्टाने घरी! १९६३ साली अध्यक्ष केनेडींची हत्या झाली, ती अशाच पोस्टाने मागवलेल्या इटालियन सरप्लस रायफलीने. दुर्बिणीसकट किंमत होती १९ डॉलर ९५ सेंट. त्यानंतर १९६८ साली गन कंट्रोल अ‍ॅक्ट आला. पोस्टाचा धंदा आणि लष्करी सरप्लसची आयात, दोन्ही बंद झाले. ऐंशीच्या दशकात फक्त जुन्या, संग्राह्य शस्त्रांसाठी आयातीचं दार पुन्हा किलकिलं झालं. २००० च्या दशकात तर मोसिन-नागांत शंभर डॉलरच्या आत मिळायची. आज तिलाच कित्येक पट मोजावे लागतात. सैन्यांकडचा जुना साठाच आटत चाललाय.

म्हणूनच या छंदातला पहिला धडा असा, की जे हातात आलंय ते पुन्हा बनणार नाहीये.

कॉस्मोलीन नावाचं अत्तर

सरप्लस रायफल घरी येते तेव्हा ती रायफल वाटतच नाही. चॉकलेटी, चिकट, मेणासारख्या ग्रीसमध्ये बुडवून काढलेलं लांबडं काहीतरी वाटतं. हे कॉस्मोलीन. गंज चढू नये म्हणून पेट्रोलियमपासून बनवलेलं हे ग्रीस लावून सैन्यं शस्त्रं गोदामात ठेवत. आणि कशी ठेवत! पन्नास वर्षांनीसुद्धा आतलं लोखंड नवंकोरं निघतं. वास म्हणाल तर जुन्या मोटार गॅरेजचा आणि नव्या डांबराचा मधला काहीतरी. आमच्या घरात हा वास तीन आठवडे होता. बायकोने पहिल्या दिवशी उदबत्ती लावली, दुसऱ्या दिवशी मला गॅरेजबाहेर ड्राइव्हवेवर पाठवलं.

लोखंडाच्या भागांवरचं कॉस्मोलीन मिनरल स्पिरिटने निघतं. आपल्याकडे रॉकेलने सायकलची चेन धुतात, तसंच. लाकडाचं काम वेगळं, कारण ते ग्रीस लाकडात मुरलेलं असतं. त्याला उष्णता हवी. उन्हाळ्यात काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत लाकूड गुंडाळून उन्हात ठेवायचं. तासाभराने घाम फुटल्यासारखं ग्रीस बाहेर येतं. फडक्याने पुसायचं, पुन्हा ठेवायचं. चार-पाच दिवस हेच. आंब्याची साठं उन्हात घालणाऱ्या घरातल्या माणसाला हा पेशन्स शिकवावा लागत नाही.

एनफिल्ड खोलताना मात्र एक मेख आहे आणि ती माहीत नसलेला माणूस पहिल्याच दिवशी नुकसान करून बसतो. मागचा दस्ता एका लांब बोल्टने धरलेला असतो. कुणालाही वाटेल, आधी हाच काढू. पण त्या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या एका पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड न काढता बोल्ट फिरवला, की ऐंशी वर्षांचं लाकूड तडकन फुटतं. म्हणून आधी पुढचं लाकूड, मग दस्ता. उलटा क्रम कधीच नाही. स्क्रूंचंही तेच. त्यांचे आटे जुन्या ब्रिटिश मापाचे, आजच्या मेट्रिकशी जुळत नाहीत. घरातला साधा स्क्रू-ड्रायव्हर खाचेत नीट बसत नाही आणि घसरला की खाच कायमची चेपते. त्यासाठी सपाट, समांतर टोकाचे खास स्क्रू-ड्रायव्हर घ्यावे लागतात.

इस्त्री आणि जवसाचं तेल

आता येतो माझ्या आवडीचा भाग. लाकडावर असंख्य खड्डे असतात. कुठे ट्रकमध्ये आदळलेली, कुठे बराकीच्या भिंतीवर टेकवलेली. नवशिक्या माणूस काय करतो? पॉलिश पेपर घेतो आणि सगळं गुळगुळीत करून टाकतो. झालं! खड्ड्यांबरोबर कारखान्याचे शिक्के गेले, इन्स्पेक्टरच्या खुणा गेल्या, रेजिमेंटचे आकडे गेले. लोखंड आणि लाकूड जिथे एका पातळीत भेटतं, तिथे लाकूड खोल गेलं. आता ती रायफल नाही, फर्निचर आहे.

त्याऐवजी ओलं फडकं खड्ड्यावर ठेवायचं आणि वरून गरम इस्त्री टेकवायची. वाफ लाकडात शिरते, दबलेले तंतू फुगतात आणि खड्डा आपोआप वर येतो. मूळ लाकूड जिथल्या तिथे. या कामासाठी मला घरातली इस्त्री मिळाली नाही. वेगळी घ्यावी लागली, हे सांगायला नकोच.

मग तेल. ब्रिटिश सैन्यात या लाकडाला जवसाचं तेल मुरवलं जायचं. तेच जवस, ज्याची आपण चटणी करतो! तळव्याने चोळायचं, हाताच्या उबेने जिरवायचं, जादाचं पुसायचं, दिवसभर वाळू द्यायचं. पुन्हा दुसऱ्या दिवशी. आठ-दहा हातांनंतर करडं, मेलेलं लाकूड मधाच्या रंगाचं होतं. एक धोक्याची सूचना मात्र लिहून ठेवा, कारण ती फर्निचर पॉलिश करणाऱ्यांनाही लागू आहे. जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. फडकी बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

लाकूड साफ होत गेलं तशी माझ्या रायफलीची जन्मपत्रिका उलगडत गेली. दस्त्याजवळच्या पट्टीवर मुकुट, त्याखाली जीआरआय. म्हणजे जॉर्ज रेक्स इम्परेटर, राजा सहावा जॉर्ज, हिंदुस्थानचा सम्राट. त्याखाली ‘इशापूर’ आणि ‘१९४३’. बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसं मरत होती, ते हे वर्ष. हुगळीकाठच्या त्या कारखान्यात त्याच वर्षी कुणीतरी कामगार ही नळी घासत होता. मॅगझिनच्या पुढे लाकडातून आरपार गेलेला एक आडवा स्क्रू आहे. लाकूड फाटू नये म्हणून इशापूरने बसवलेला. इथले जाणकार त्याला ‘इशापूर स्क्रू’ म्हणूनच ओळखतात. अमेरिकन म्हाताऱ्यांच्या तोंडून ‘इशापोर’ ऐकताना छाती थोडी फुगते, खोटं कशाला बोलू!

बब्बाचे प्रताप

या छंदाचा खलनायक म्हणजे ‘बब्बा’. हा कुणी एक माणूस नाही. करवत, कानस आणि भरपूर आत्मविश्वास असलेल्या हौशी माणसाला इथे दिलेलं हे टोपणनाव. पन्नास-साठच्या दशकात सरप्लस इतकं स्वस्त होतं, की लोकांनी हजारो एनफिल्ड आणि माउझरची लाकडं कापली, नळ्या छाटल्या आणि हरणाच्या शिकारीसाठी हलक्या रायफली बनवल्या. त्यांचंही चुकलं असं नाही. वीस डॉलरच्या वस्तूला कुणी वारसा मानत नाही. आपण नाही का जुन्या वाड्यांचे नक्षीदार खांब सरपणाच्या भावाने विकले?

पण आज त्या कापलेल्या रायफलींचे मूळ भाग शोधत फिरणारी आमची पिढी आहे. म्हणून क्लबात नवीन माणसाला पहिलं वाक्य ऐकवलं जातं, ‘परत जोडता येणार नाही असं काही करू नकोस.’ भोक पाडू नकोस, शिक्के घासू नकोस, आकडे जुळत असलेला भाग बदललास तर जुना जपून ठेव. सॉफ्टवेअरवाल्यांना सोप्या भाषेत सांगायचं तर, ‘अनडू’ नसलेल्या फाइलवर काम करतोयस, हे लक्षात ठेव.

पाव मिलिमीटरचा प्रश्न

इथवर सगळं सुतारकाम आणि साफसफाई झाली. खरी परीक्षा पुढे असते. ही रायफल झाडायची का?

जरा हिशेब बघा. तुमच्या कारच्या टायरमध्ये हवेचा दाब चौरस इंचाला ३२ ते ३५ पौंड असतो. थ्री-नॉट-थ्रीचं काडतूस पेटतं तेव्हा चेंबरमधला दाब ४५ हजार पौंडांच्या वर जातो. ११ ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण ७४० मीटर वेगाने बाहेर पडते. आणि हे सगळं तुमच्या उजव्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर घडतं. मधे असतो फक्त बोल्ट.

प्रेशर कुकर आठवा. झाकण नीट बसलंय तोवर सगळं ठीक. रिंग सैल असेल तर? रायफलीत या ‘रिंगे’च्या हिशेबाला हेडस्पेस म्हणतात. काडतुसाच्या बुडाला आणि बोल्टच्या तोंडाला मधे किती जागा मिळते, त्याचं हे माप. जागा जास्त असेल तर पितळी केस मागे ताणली जाते, फाटू शकते आणि जळता गॅस मागे, म्हणजे तुमच्या चेहऱ्याकडे येतो. हे तपासायला पोलादी गेज मिळतात. थ्री-नॉट-थ्रीसाठी ‘गो’ गेज ०.०६४ इंचाचा. त्यावर बोल्ट बंद व्हायलाच हवा. ‘फील्ड’ गेज ०.०७४ इंचाचा, ही ब्रिटिश सैन्याची शेवटची मर्यादा. त्यावर बोल्ट बंद होता कामा नये. दोघांत फरक दहा हजारांश इंचांचा. म्हणजे पाव मिलिमीटर!

माझ्या इशापूरचा बोल्ट ‘गो’वर बंद झाला. छान. मग ‘फील्ड’ घातला. तोही बंद झाला. लोण्यात सुरी जावी तसा.

तोपर्यंत सात महिने गेले होते. लाकूड चमकत होतं, नळीतल्या डावीकडे वळणाऱ्या पाच खाचा आरशासारख्या दिसत होत्या. आणि हातातला गेज सांगत होता, नाही.

आमच्या क्लबात सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ आहेत. चाळीस वर्षं लेथवर काढलेला मशिनिस्ट. त्यांनी बोल्ट हातात घेतला, भिंगातून पाहिला आणि विचारलं, ‘बोल्टवरचा नंबर आणि बॉडीवरचा नंबर पाहिलास?’ वेगवेगळे होते. कुठल्या तरी डेपोत शंभर रायफली एकदम धुताना बोल्टांची अदलाबदल झाली असणार. सरप्लसमध्ये हे नेहमीचं. पुढच्या काळातल्या ‘नंबर फोर’ एनफिल्डला बोल्टचं डोकं शून्य ते तीन अशा मापांत मिळतं. मोठं लावलं की काम फत्ते. माझ्या ‘नंबर वन’ला ती सोय नाही. हाताला येतील ती डोकी लावून बघायची. मी चार मागवली, चारही लावली. एकावर ‘फील्ड’ गेज अडला. पण ते डोकं बोल्टवर नीट रेषेत बसेना, जास्तच फिरत होतं.

जुगाड सांगणारे खूप भेटले. ‘अरे, थोडंसं तर जास्त आहे! सैन्यात कोण मोजत होतं? एक राउंड दोरी बांधून लांबून उडव, नाही फुटली तर झालं.’ खोटं नाही, मोह झाला. इंजिनियरला अर्धवट राहिलेलं प्रोजेक्ट बघवत नाही. पण म्हातारबुवांचं एक वाक्य डोक्यात राहिलं होतं, ‘पहिल्या गोळीला न फुटलेली रायफल दुसऱ्या गोळीचं वचन देत नाही.’

मग मी ती लायसन्सवाल्या गनस्मिथकडे घेऊन गेलो. त्याने बोल्ट अडकतो त्या जागा शाईने तपासल्या. बोल्टचा भार एकाच बाजूला येत होता आणि ती बाजू झिजून दबली होती. म्हणजे दोष डोक्यात नव्हता, मूळ बॉडीत होता. दुरुस्ती नाही. ‘सुंदर काम केलंयस,’ तो म्हणाला, ‘भिंतीवर लाव.’

हा प्रकार फक्त आपल्याच कारखान्याचा, असं कुणी म्हणू नये. अमेरिकेची लाडकी स्प्रिंगफील्ड १९०३ घ्या. स्प्रिंगफील्ड आर्मरीत बनलेल्या, आठ लाखांच्या आतल्या नंबरांच्या रायफली झाडू नका, असं इथल्या जाणत्या संस्था आजही सांगतात. कारण काय, तर तेव्हा भट्टीतल्या पोलादाचं तापमान कामगार रंगावरून, डोळ्यांनी ठरवत. रंग ओळखण्यात चूक झाली की पोलाद जास्त तापायचं आणि ठिसूळ व्हायचं. पहिल्या महायुद्धाच्या काळात काही फुटल्या, तेव्हा पद्धत बदलली. शंभर वर्षं झाली, पण लोखंड ती चूक विसरलेलं नाही.

खडकीचं काडतूस

रायफलीबरोबर विकणाऱ्याने एक छोटा डबा दिला होता. त्यात जुनी काडतुसं होती. एकाच्या बुडावर दोन अक्षरं, के आणि एफ. मी पुण्याचा. लोकलने शिवाजीनगरहून पिंपरीकडे जाताना खडकी स्टेशन रोज लागायचं. के म्हणजे किर्की, इंग्रजांची खडकी! १८६९ साली सुरू झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातलं काडतूस ओहायोत माझ्या तळहातावर होतं.

ते मी झाडलं नाही आणि झाडणारही नाही. पण या जुन्या काडतुसांची एक गंमत सांगण्यासारखी आहे. त्या काळच्या टोपीच्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळल्यावर नळीत एक क्षार उरतो, मिठाचा सख्खा भाऊ. तो हवेतला ओलावा ओढतो आणि नळीला रात्रीत गंज चढतो. तेल लावून उपयोग नाही, कारण मीठ तेलात विरघळत नाही. उपाय साधा, उकळतं पाणी! ब्रिटिश शिपाई नळीत गरम पाणी ओतायचा, मग कोरडं फडकं, मग तेल. जुन्या काडतुसांवर नेम धरणारे माझे क्लबातले मित्र आजही रेंजवर थर्मास घेऊन येतात. पाहुण्यांना वाटतं चहा आहे.

घरातलं टेन्शन

आता अवघड भाग. अमेरिकेत २०२१ या एका वर्षात बंदुकीने ४८ हजारांहून अधिक माणसं मेली. त्यात निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. माझी मुलगी शाळेत ‘लॉकडाउन ड्रिल’ करते, म्हणजे वर्गात बंदूकवाला शिरला तर दिवे मालवून कोपऱ्यात गप्प कसं बसायचं, याचा सराव. त्या मुलीच्या घरात बाप रायफलीला तेल लावतो. हे कसं जमवायचं?

बायकोने सुरुवातीलाच विचारलं होतं, ‘तुला घड्याळं दुरुस्त करता आली नसती का?’ मग तिने अटी घातल्या. बोल्ट एका तिजोरीत, रायफल दुसरीत. किल्ल्या वेगळ्या. घरात एकही जिवंत काडतूस नाही, खडकीचंसुद्धा नाही. आणि घरात कुणाचंही मन ठीक नसेल, तर त्या काळात हे सगळं क्लबाच्या लॉकरमध्ये. मी चारही मान्य केल्या. खडकीची काडतुसं त्याच आठवड्यात क्लबात गेली. नंतर लक्षात आलं, की क्लबातले सगळ्यात जुनेजाणते लोक नेमके असेच वागतात. फुशारक्या मारणारा गनस्मिथ मी अजून पाहिलेला नाही.

शिवाय ही रायफल आपल्याकडे काय काय बघून आली आहे, हेही विसरता येत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटी स्टेशनवर एके-४७ समोर आपल्या पोलिसांच्या हातात थ्री-नॉट-थ्रीच होत्या. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो २६ जानेवारी २०२० च्या संचलनात. वस्तू सुंदर असते म्हणून तिचं काम सुंदर असतं असं नाही आणि जुनी झाली म्हणून ती खेळणं होत नाही.

गेल्या खंडेनवमीला मित्रमंडळी जेवायला होती. पाटावर मी कॅलिपर, कानस, लॅपटॉप आणि बोल्ट काढलेली इशापूर मांडली. झेंडूची फुलं वाहिली. जेवण झाल्यावर एकजण म्हणालाच, ‘रविवारी रेंजवर नेऊया ना यार! एकच राउंड!’ मी काही बोलायच्या आत माझी मुलगी म्हणाली, ‘काका, ती रिटायर झालीये.’ विषय संपला.

सध्या म्हातारबुवांबरोबर एका स्वीडिश माउझरवर काम सुरू आहे. तिचे सगळे नंबर जुळतात, गेज जिथे अडायला हवा तिथे अडतो. लाकूड अजून उन्हात ठेवायचंय. इथे ऊन मे महिन्याआधी मिळत नाही, तेव्हा घाई कसली.

चौकट : भारतात हा छंद करता येईल?

सरळ उत्तर, नाही.

• .३०३ हा भारतात ‘प्रोहिबिटेड बोअर’ आहे. सामान्य नागरिकाला त्याचं लायसन्स मिळत नाही.

• १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्रांची दुरुस्ती फक्त त्यासाठीचा परवाना असलेलेच करू शकतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात. ‘आजोबांची जुनी बंदूक होती, हौस म्हणून खोलली’ हे कारण पोलीस स्टेशनात चालणार नाही.

• घरात जुनं शस्त्र सापडलं तर हात न लावता पोलिसांना कळवा.

• जुनी शस्त्रं बघायची असतील तर पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय, मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि कोल्हापूरचा न्यू पॅलेस, तिन्हीकडे एकेक दुपार काढा.

• नेमबाजीची आवड असेल तर रायफल क्लबात दहा मीटर एअर रायफलपासून सुरुवात करा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ मिळवलं. परंपरा आपल्याकडेही आहे, फक्त ती गॅरेजमध्ये नाही, रेंजवर आहे.